अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकाचे ध्वनिमुद्रण: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

आवाज बरा आहे, हाताशी मोबाइल आहे आणि कुणाच्या तरी उपयोगी पडावे अशी इच्छा आहे, एवढ्या भांडवलावर अनेक जण अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून मुद्रित करण्याचे काम हाती घेतात. त्यातली बरीच ध्वनिमुद्रणे पुढे कुणी ऐकत नाही. दोष क्वचितच आवाजाचा असतो. पान कोणते चालले आहे ते कळत नाही, आकृती आली की वाचक ती ओलांडून पुढे जातो, धडा मध्येच तुटतो, मागे पंखा घरघरत असतो, किंवा नागरिकशास्त्राच्या प्रकरणाला नाट्यवाचनाचा साज चढवलेला असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याला तिसऱ्या धड्यातली एक व्याख्या हवी आहे, त्याला अशा मुद्रणाचा काडीचा उपयोग होत नाही.

माइकसमोर बसून वाचणे हा या कामाचा मधला आणि तुलनेने सोपा भाग आहे. काम बिघडते ते वाचनाआधीच्या तयारीत आणि वाचनानंतरच्या तपासणीत. पुढील क्रम अभ्यासाच्या पुस्तकांसाठी दिला आहे. कथा-कादंबऱ्यांसाठीही तोच चालतो, आणि जिथे फरक पडतो तिथे तो नोंदवला आहे.

## टप्पा १: पुस्तक उघडण्यापूर्वी विद्यार्थ्याशी बोलावे

पहिला प्रश्न असा विचारावा की ध्वनिमुद्रण खरोखर हवे आहे का. संगणक किंवा मोबाइलवर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) सफाईने वापरणाऱ्या विद्यार्थ्याला अनेकदा ध्वनीपेक्षा युनिकोडमधला, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच ठरलेला संकेत असलेला, मजकूर अधिक सोयीचा पडतो. मजकुरात शब्द शोधता येतो, अक्षर-अक्षर वाचून शुद्धलेखन पाहता येते आणि हवा तो उतारा आपल्या टिपणात उचलता येतो. पुष्कळ मराठी पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतात किंवा नुसती पानांची छायाचित्रे असतात. स्क्रीन रीडर अशा फायलींत एक तर असंबद्ध अक्षरे वाचतो, नाही तर गप्प बसतो. अशा वेळी पुस्तक पुन्हा टंकलिखित करून देणे, किंवा अक्षरओळख करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेला मजकूर मूळ पानाशी ताडून दुरुस्त करून देणे, ही जास्त मोलाची मदत ठरते. ती कमी झगमगाटाची असते, म्हणून तिला स्वयंसेवक कमी मिळतात.

माणसाच्या आवाजाची खरी गरज लागते ती आकृत्या, तक्ते, समीकरणे, कविता, जुन्या वळणाची भाषा आणि बोलीतले संवाद जिथे आहेत तिथे. तसेच ज्यांची दृष्टी नुकतीच गेली आहे आणि ब्रेल किंवा स्क्रीन रीडर अजून हातात बसलेला नाही, अशांसाठी ध्वनिमुद्रण हाच बराच काळ मुख्य आधार असतो.

त्यानंतर पुढील गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात: पुस्तकाची नेमकी आवृत्ती कोणती, कोणते धडे आधी हवेत, ते कोणत्या तारखेपर्यंत हवेत, आणि विद्यार्थी कशावर ऐकणार आहे. साधा मेमरी कार्डचा प्लेयर, मोबाइल आणि डेझी पुस्तके (धडा आणि पान यांच्या खुणा घातलेली ध्वनिपुस्तके) वाचणारे अॅप यांसाठी शेवटची मांडणी वेगवेगळी करावी लागते.

तपासणी: हेच पुस्तक आधीच उपलब्ध नाही ना, हे २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात आणि जवळच्या अंधशाळेत किंवा संस्थेत विचारून घ्यावे. एकाच लोकप्रिय पुस्तकाची चार मुद्रणे होतात आणि अभ्यासक्रमातले रुक्ष पुस्तक तसेच राहते, हे नेहमीचे चित्र आहे.

## टप्पा २: हक्काचा प्रश्न मुद्रणाआधी मिटवावा

भारतीय कॉपीराइट कायद्यातील कलम ५२(१)(झेडबी), जे २०१२ च्या दुरुस्तीने आले, दिव्यांग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत तयार करण्यास आणि ती त्यांना खाजगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी देण्यास मोकळीक देते. त्यासाठी लेखकाची किंवा प्रकाशकाची स्वतंत्र परवानगी लागत नाही. मात्र ही मोकळीक ना-नफा तत्त्वावरील कामासाठी आहे. संस्थेने प्रत देताना फार तर निर्मितीचा खर्च घ्यावा, आणि ती दिव्यांग वाचकांपुरतीच राहील, बाजारात जाणार नाही, याची वाजवी काळजी घ्यावी, असे कायदा सांगतो.

सावधान: हक्क शाबूत असलेले पुस्तक वाचून यूट्यूबवर टाकणे आणि खाली “फक्त अंध बांधवांसाठी” असे लिहिणे, हे या मोकळिकीत बसत नाही. ते सर्वांसाठी खुले प्रसारणच होते. अशी फाइल विद्यार्थ्याला थेट द्यावी किंवा सदस्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेमार्फत द्यावी.

सर्वांसाठी खुले करायचे असेल तर हक्काची मुदत संपलेले साहित्य निवडावे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ च्या आरंभापासून मुक्त आहे. परंतु नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रे दुसऱ्याची असतात आणि त्यांचा हक्क वेगळा चालतो, म्हणून अशा आवृत्तीतला फक्त मूळ मजकूर वाचावा.

## टप्पा ३: पुस्तकावर पेन्सिल चालवावी

सर्वांत जास्त टाळला जाणारा आणि सर्वांत जास्त वेळ वाचवणारा टप्पा हा आहे. मुद्रणासाठी एक छापील प्रत वेगळी ठेवावी आणि धडा किमान एकदा पूर्ण, तोही मोठ्याने वाचून काढावा. मनात वाचताना जीभ अडखळत नाही, त्यामुळे मनातले वाचन या कामाला पुरत नाही.

वाचताना चार प्रकारच्या खुणा कराव्यात. जिथे वाक्य लांब आहे आणि श्वास घ्यावा लागणार आहे तिथे तिरपी रेघ. ज्या शब्दाचा उच्चार खात्रीचा नाही त्याखाली रेघ. आकृती, तक्ता, चौकट किंवा तळटीप कधी वाचायची, तिथे एक बाण. आणि मुद्रणदोष दिसला तर गोल.

चौकटींचा प्रश्न विशेष लक्ष देण्यासारखा आहे. आजच्या पाठ्यपुस्तकांत मुख्य मजकुराच्या भोवती “माहीत आहे का तुम्हांला”, “करून पहा” अशा धर्तीच्या चौकटी पेरलेल्या असतात. डोळस मुलाची नजर त्यांच्यावरून सहज पुढे-मागे जाते. ऐकणाऱ्याला मात्र त्या एकाच ओळीत, एकामागून एक मिळणार असतात. छापील पानावर चौकट परिच्छेदाच्या मध्ये आली म्हणून परिच्छेद तोडून ती वाचली, तर ऐकणाऱ्याच्या हातून दोन्हींचे धागे सुटतात. म्हणून परिच्छेद, आणि शक्य तर तो उपमुद्दा, पूर्ण करावा आणि मग “चौकट” असे सांगून ती वाचावी, “चौकट समाप्त” म्हणावे आणि पुढे जावे. तळटिपेचेही तसेच: जिथे खूण आहे ते वाक्य संपल्यावर लगेच “तळटीप” म्हणून ती वाचावी. पानाच्या शेवटी वाचली तर ती कशाची होती हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

उच्चारांची एक वही ठेवावी. मराठीत च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही. “जग” हा शब्द दुनिया या अर्थी एका ज-ने उच्चारला जातो आणि “जगणे”मधला ज वेगळा असतो. सवयीच्या शब्दांत आपण चुकत नाही, पण ग्रामनामे, आडनावे, शेतीतले आणि कारागिरीतले शब्द आले की अंदाजाने वाचले जाते. अंदाज करू नये. त्या भागातल्या माणसाला फोन करून विचारावे. परभाषेतील नावे आणि शास्त्रीय संज्ञा यांचा एकच उच्चार ठरवून वहीत लिहावा, म्हणजे पहिल्या धड्यात एक आणि सातव्या धड्यात दुसरा असे होत नाही. एका पुस्तकाचे धडे दोन-तीन जण वाटून वाचत असतील, तर ही वही त्यांच्यात सामायिक असणे अत्यावश्यक आहे.

तपासणी: खुणा झालेल्या धड्याचे कोणतेही पान उघडून मोठ्याने वाचावे. आता काय वाचायचे, हा प्रश्न एकदाही पडला नाही तरच माइकसमोर बसावे.

## टप्पा ४: खोली आधी, माइक नंतर

लोक माइकवर पैसे खर्च करतात आणि उघड्या फरशीच्या, रिकाम्या भिंतींच्या खोलीत बसतात. अशा खोलीत आवाज घुमतो, आणि घुमलेला आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट सुधारत नाही. याउलट गाद्या, पडदे आणि कपड्यांनी भरलेल्या छोट्या खोलीत साध्या मोबाइलवरही स्वच्छ मुद्रण होते. कपड्यांचे कपाट उघडे ठेवून त्याच्याकडे तोंड करून बसावे, पाठीमागे जाड चादर टांगावी आणि टेबलावर टॉवेल अंथरावा. पंखा, एसी बंद ठेवावा. फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर दार लावावे. रस्त्याची वर्दळ, कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाल्याची हाळी आणि शेजारचा टीव्ही यांची वेळ पाहून पहाट किंवा दुपारची निजानीज निवडावी. पावसाळ्यात पत्र्याच्या छताखाली हे काम होत नाही, तेव्हा त्या दिवसांत तयारीचा टप्पा उरकून घ्यावा.

माइक घ्यायचाच असेल तर मऊ भिंतींची सोय नसलेल्या घरात डायनॅमिक प्रकारचा माइक बरा, कारण तो जवळचा आवाज घेतो आणि दूरचा गोंगाट तुलनेने कमी पकडतो. तोंडापासून अंतर साधारण एक वीत ठेवावे आणि माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला ठेवावा. ख, घ, थ, ध, फ, भ ही महाप्राण अक्षरे मराठीत पावलोपावली येतात. समोरच्या माइकवर त्यांचा श्वास आदळला की प्रत्येक “भारत” आणि “फळ” धप्प असे ऐकू येते.

सॉफ्टवेअर म्हणून ऑड्यासिटी विनामूल्य आहे आणि पुरेसे आहे. मुद्रण ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो असे ठेवावे. एका आवाजासाठी स्टिरिओची गरज नसते, त्याने फक्त फाइल दुप्पट होते. आवाजाची पातळी अशी लावावी की सर्वांत मोठा शब्दही उणे ६ ते उणे ३ डेसिबलच्या वर जाणार नाही. शून्याला भिडलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. मोबाइलवर मुद्रण करताना विमान मोड चालू करावा आणि अॅपमध्ये डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणारे, स्वरूप निवडावे.

सावधान: व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोटमध्ये वाचन करू नये. आवाज खूप दाबला जातो, दुरुस्ती करणे अवघड होते आणि धड्यांचा क्रम गप्पांच्या ढिगात हरवतो.

## टप्पा ५: पाच मिनिटांचा नमुना

संपूर्ण धडा वाचण्यापूर्वी पाच मिनिटांचा नमुना मुद्रित करावा, आणि त्यात थोडा सरळ मजकूर, एक तक्ता किंवा आकृती आणि एक पान बदल हे तिन्ही असावेत. तो विद्यार्थ्याला पाठवून वेग, पातळी, वर्णनाची लांबी आणि घोषणांची पद्धत याबद्दल मत घ्यावे. पुष्कळ अंध श्रोते प्लेयरचा वेग वाढवून ऐकतात. त्यामुळे मुद्दाम रेंगाळत, शब्द सुटे-सुटे करून वाचलेले त्यांना नको असते. वेग बातम्यांच्या वाचनाइतका, शब्दांच्या अखेरी स्पष्ट आणि चाल एकसारखी, एवढे पुरते. वेग वाढवल्यावर जे वाचन आधी कोलमडते ते वाक्याचा शेवट गिळणाऱ्यांचे.

नमुन्याला होकार मिळाला की माइकची जागा, अंतर, पातळीचा आकडा आणि वाचनाची वेळ लिहून ठेवावी, आणि पुढची सर्व सत्रे त्याच मांडणीत करावीत. नाही तर एका धड्यात वाचक कानाशी आणि दुसऱ्यात विहिरीच्या तळाशी असल्यासारखा वाटतो.

## टप्पा ६: प्रत्यक्ष वाचन

वाचनाआधी खोलीतली शांतता दहा सेकंद मुद्रित करावी. पुढे खरखर कमी करताना तिचा नमुना उपयोगी पडतो. त्यानंतर पुस्तकाच्या पहिल्या फाइलमध्ये पुस्तकाचे नाव, लेखक किंवा मंडळ, प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष, इयत्ता आणि विषय, वाचकाचे नाव, आणि ही प्रत दृष्टिहीन वाचकांसाठी तयार केली असल्याचे निवेदन असावे. अनुक्रमणिका पानांच्या आकड्यांसह वाचावी. प्रत्येक धड्याची फाइल वेगळी असावी आणि तिच्या आरंभी धड्याचा क्रमांक व नाव, शेवटी “धडा समाप्त” असे यावे. सुरुवातीला संगीत, श्लोक, शुभेच्छा यांपैकी काही घालू नये. विद्यार्थी ती फाइल अनेकदा उघडणार असतो आणि प्रत्येक वेळी त्याला ते सहन करावे लागते.

पानाचा क्रमांक प्रत्येक पानाच्या आरंभी सांगावा. वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर जात असेल तर ते पूर्ण करून मग “पान ४६” म्हणावे. वर्गात शिक्षक “पान ४६ काढा” म्हणतात तेव्हा अंध मुलाला बाकीच्यांबरोबर राहता यावे, यासाठी ही खटपट आहे. ती गाळली तर मुद्रण घरातल्या घरातच उपयोगाचे उरते.

स्वर कसा असावा याबद्दल वाद होतात. अभ्यासाच्या पुस्तकात स्वर समतोल ठेवावा, पण तो मेलेला नसावा: व्याख्येपूर्वी किंचित थांबावे, शीर्षक थोडे ठळक वाचावे, यादीतल्या प्रत्येक मुद्द्यानंतर क्षणभर विसावा द्यावा. कथेत संवादांना थोडा रंग द्यावा, मात्र प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देण्याचा सोस धरू नये. तिसऱ्या प्रकरणात म्हातारीचा आवाज कसा काढला होता ते नवव्या प्रकरणात आठवत नाही. कविता आधी सरळ, ओळ कुठे संपते ते कळेल अशी वाचावी आणि कडव्यानंतर मोठा विराम घ्यावा. चालीवर म्हणायची असेल तर ती वाचनानंतर, वेगळी म्हणावी.

फक्त ऐकून शिकणाऱ्या मुलांचे शुद्धलेखन कच्चे राहते. “दिन” आणि “दीन” कानाला सारखेच लागतात. म्हणून नव्या संज्ञा, परकी नावे आणि ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलणारे शब्द पहिल्यांदा येतात तेव्हा वाक्य संपवून “दीन, द-ला दुसरी वेलांटी” असे सांगावे. प्रत्येक शब्दाला हे करू नये.

चूक झाली की थांबावे, बोटांनी एक चुटकी वाजवावी, दोन सेकंद शांत राहून वाक्य पहिल्यापासून वाचावे. चुटकीचा उंच सुळका संपादनाच्या पडद्यावर लांबूनही दिसतो. अर्ध्या वाक्यापासून पुन्हा सुरू केले तर सांधा ऐकू येतो. सलग चाळीस-पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त वाचू नये. घसा कोरडा पडला की जिभेचा चट्-चट् आवाज माइक अचूक टिपतो. कोमट पाणी जवळ असावे, वाचनाआधी दूध किंवा दही टाळावे.

तपासणी: प्रत्येक सत्रानंतर उठण्यापूर्वी सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे अर्धे मिनिट हेडफोनवर ऐकावे. माइकची तार सैल होती हे दोन तास वाचल्यावर कळण्यापेक्षा हे बरे.

## टप्पा ७: आकृत्या, तक्ते आणि गणित

वर्णनाची कला वाचनापेक्षा अवघड आहे आणि ती बसल्या बैठकीला जमत नाही. प्रत्येक आकृतीचे वर्णन आधी लिहून काढावे. “येथे महाराष्ट्राचा नकाशा दिला आहे” हे वर्णन नव्हे. दुसऱ्या टोकाला, दिसेल ते सारे सांगत सुटणेही निरुपयोगी. आकृती धड्यात कशासाठी आहे ते ठरवावे आणि तेवढेच, ठरलेल्या दिशेने सांगावे. उदाहरणार्थ:

“आकृती. महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा. नकाशाची वरची बाजू उत्तर. पश्चिमेला, म्हणजे डाव्या हाताला, अरबी समुद्र. समुद्राला लागून उत्तर-दक्षिण गेलेली चिंचोळी किनारपट्टी, तिच्यावर कोकण असे लिहिले आहे. तिच्या पूर्वेला किनाऱ्याला साधारण समांतर अशी सह्याद्रीची रांग. त्यापलीकडे पूर्वेला पठाराचा विस्तृत भाग. गोदावरी नदी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे उगम पावून पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे वाहताना दाखवली आहे. आकृतीचे वर्णन समाप्त.”

येथे आधी एकूण चित्र, मग दिशा, मग डावीकडून उजवीकडे तपशील असा क्रम आहे, आणि तो पुस्तकभर बदलू नये. रंग तेव्हाच सांगावा जेव्हा सूचीत त्याला अर्थ दिलेला असतो. “सुंदर”, “मनोहारी” यांसारखी विशेषणे गाळावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खालच्या प्रश्नाचे उत्तर वर्णनात फोडू नये. “आकृतीतील कोणती नदी पूर्वेकडे वाहते?” असा प्रश्न असेल तर वरच्या उदाहरणातले गोदावरीचे वाक्य बदलावे लागेल: नदीचे दोन्ही टोक कुठे आहेत ते सांगावे, निष्कर्ष विद्यार्थ्याने काढावा.

तक्ता वाचताना आधी त्याचे शीर्षक, स्तंभ आणि ओळी किती, आणि स्तंभांची नावे सांगावीत. नंतर प्रत्येक ओळीत स्तंभाचे नाव पुन्हा घ्यावे: “पहिली ओळ. नदी: गोदावरी. उगम: त्र्यंबकेश्वर. दुसरी ओळ. नदी: कृष्णा. उगम: महाबळेश्वर. तिसरी ओळ. नदी: भीमा. उगम: भीमाशंकर.” हे कंटाळवाणे वाटते, पण सहा स्तंभांच्या तक्त्यात नावे न घेता नुसते आकडे वाचले तर चौथ्या ओळीत कुणालाही काही उमजत नाही. स्तंभ वाचत खाली जाण्याची चूक तर करूच नये.

गणितात संदिग्धता हा खरा शत्रू. “अ अधिक ब चा वर्ग” याचे दोन अर्थ होतात. कंस असेल तर “कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, पूर्ण कंसाचा वर्ग” असे वाचावे. कंस नसेल तर “अ अधिक”, मग स्पष्ट विराम, आणि “ब चा वर्ग”. अपूर्णांकात “अपूर्णांक सुरू, अंश, छेद, अपूर्णांक समाप्त” असे शब्द वापरावेत. वर्गमूळाचे चिन्ह कुठपर्यंत पसरले आहे ते सांगावे. समीकरण एकदा सावकाश आणि एकदा नेहमीच्या वेगाने, असे दोनदा वाचावे. हा विषय न आवडणाऱ्याने गणिताचे पुस्तक स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला समीकरण समजले नाही त्याच्या आवाजात ते चुकीच्या जागी तुटते.

तपासणी: लिहिलेले वर्णन ज्याने पान पाहिलेले नाही अशा माणसाला वाचून दाखवावे आणि कागदावर कच्ची रेखाकृती काढायला सांगावे. समुद्र उजवीकडे गेला तर वर्णन पुन्हा लिहावे.

## टप्पा ८: संपादन

येथे हात आवरता घ्यावा. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून प्रतीवरच काम करावे. आधी चुटकीच्या खुणा शोधून चुकलेली वाक्ये कापावीत, मग लांबलेले विराम कमी करावेत, मग शांततेच्या नमुन्यावरून खरखर हलकीशी कमी करावी आणि अखेरीस सर्व धड्यांची पातळी एकसारखी करावी. हा क्रम उलटा केला, म्हणजे पातळी आधी वाढवली, तर खरखरही वाढते. खरखर पूर्ण नाहीशी करण्याच्या नादात आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडी खरखर परवडली. प्रत्येक श्वास कापण्याची गरज नाही.

## टप्पा ९: दुसऱ्या माणसाने पुस्तकासह ऐकावे

ज्याने वाचले त्यानेच तपासले तर चूक सापडत नाही, कारण त्याचा कान अपेक्षित शब्दच ऐकतो. दुसऱ्या व्यक्तीने छापील प्रत समोर ठेवून संपूर्ण धडा ऐकावा आणि फाइलचे नाव, मिनिट-सेकंद, पान, चूक असा चार रकान्यांचा कागद भरावा. गळलेली ओळ, दोनदा आलेले वाक्य, न सांगितलेले पान, चुकलेला आकडा आणि “नाही” हा शब्द निसटून उलटलेला अर्थ, या चुका दुरुस्त केल्याशिवाय फाइल पुढे जाऊ देऊ नये. किरकोळ अडखळ सोडून द्यावी. दुरुस्तीचे वाक्य त्याच खोलीत, तेवढ्याच अंतरावरून, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी वाचावे, कारण सकाळचा आणि रात्रीचा आवाज एकमेकांत मिसळत नाही.

## टप्पा १०: फाइलींची मांडणी आणि सुपूर्द करणे

ऐकण्याची प्रत मोनो एमपी-३ मध्ये, ६४ केबीपीएस दराने काढावी. तासाला सुमारे २९ एमबी होतात आणि बोलण्याला ही गुणवत्ता पुरते. त्याच तासाची मूळ डब्ल्यूएव्ही फाइल सुमारे ३१८ एमबीची असते; ती दोन ठिकाणी जपून ठेवावी, कारण पुढची दुरुस्ती तिच्यावरच करायची आहे.

फाइलीच्या नावाची सुरुवात तीन आकडी क्रमांकाने करावी: ००१, ००२, ०१० अशी. नुसते १, २, १० लिहिले तर अनेक प्लेयर १ नंतर थेट १० वाजवतात. हे आकडे आणि नावे रोमन लिपीत ठेवावीत, कारण स्वस्त प्लेयरना देवनागरी नाव वाचता येत नाही. मेमरी कार्डवर फाइली एकदम न टाकता क्रमाने चढवाव्यात. काही प्लेयर नावाऐवजी चढवल्याचा क्रम पाळतात.

पुस्तक मोठे असेल आणि विद्यार्थी डेझी वाचक वापरत असेल तर ओबी हे विनामूल्य, विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर वापरून ध्वनीत धडा, उपशीर्षक आणि पान यांच्या खुणा घालता येतात. मग विद्यार्थी थेट पान ४६ वर उडी मारतो. टप्पा ३ मधल्या पेन्सिलीच्या खुणा आणि टप्पा ६ मधल्या पानांच्या घोषणा येथे कामी येतात. त्या नसतील तर हे काम जवळजवळ नव्याने करावे लागते. ज्यांना एवढे जमणार नाही त्यांनी निदान लांब धड्याच्या उपमुद्द्यांनुसार वेगळ्या फाइली कराव्यात.

संपूर्ण पुस्तक पुरे होण्याची वाट पाहू नये. तपासून झालेला प्रत्येक धडा विद्यार्थ्याच्या गरजेच्या क्रमाने द्यावा आणि सोबत धडे, पाने व कालावधी यांची युनिकोडमधली छोटी यादी जोडावी. पाठ्यपुस्तकाची आवृत्ती बदलली की सर्व पुन्हा वाचावे लागत नाही: नवी आणि जुनी प्रत शेजारी ठेवून बदललेले परिच्छेद, आकडे व आकृत्या यांवर खुणा कराव्यात, तेवढेच भाग आणि सरकलेले पानक्रमांक पुन्हा मुद्रित करावेत, आणि आरंभीच्या निवेदनातले आवृत्तीचे वर्ष बदलून जुन्या फाइली विद्यार्थ्याला आठवणीने पुसायला सांगावे.